दर दहाव्या ओळीत एक थाप

वाचता येणे आणि वाचून दाखवता येणे या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिलीचा उपयोग मुलांना होतो, दुसरीचा खात्याला. खाते मुलांच्या आधीपासून असल्यामुळे मान साहजिकच दुसरीला मिळतो.

ही गोष्ट घडली तेव्हा फळे खरोखर काळे असत आणि पाटी पुसायला ओला बोळा डबीत घालून न्यावा लागे. (ज्यांचा बोळा वाळून जाई त्यांना सदऱ्याची बाही असे.) शाळा आटोपशीर होती. खोल्या चार. चार खोल्यांत चार वर्ग बसत, आणि पाचव्या खोलीत मोडकी बाकं, पृथ्वीचा एक चेपलेला गोल आणि मोठ्या गुरुजींची सायकल असे. दुसरीचा वर्ग बाईंकडे होता. बाईंना नावही होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर वापरलं जाई.

बाईंच्या वर्गात एकोणचाळीस मुलं होती आणि त्यातली अडतीस धडाधड वाचत. खात्याला या वर्गाचा अभिमान होता. बाईंनाही होता, अगदी पहिल्या बाकावरच्या हुशार जोडीने पुस्तक उलटं धरून अख्खा धडा बिनचूक वाचून दाखवीपर्यंत. त्यांनी पानसुद्धा वेळच्या वेळी उलटलं. पुस्तक अकरा वर्षं बदललेलं नव्हतं. थोरल्या भावंडांचे सदरे, दप्तरं आणि धडे धाकट्यांना आयते मिळत. सदरे थोडे विटलेले असत, पण धडे जसेच्या तसे.

एकोणचाळिसावी बारकी. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची एकुलती एक लेक. थोरलं भावंडच नसल्यामुळे तिला वाचावं लागे. एकेका शब्दावर बोट ठेवी, थांबी, ओठ हलवी, मग पुढचा शब्द. वार्षिक तपासणीत मिनिटाला किती शब्द ते घड्याळ लावून मोजत. पाठ म्हणणाऱ्यांचे ऐंशी भरत, बारकीचे अकरा. अशा रीतीने वर्गात एकटी वाचणारी मुलगी दोनदा वाचनात नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव पटावरून कमी करण्याचा नियम होता. (कारण: जागेची टंचाई.)

बाईंनी मग पुस्तक कपाटात ठेवलं आणि फळ्यावर रोज एक गोष्ट लिहायला घेतली. गोष्ट त्यांच्या मामांची. मामांनी एकदा शेजाऱ्याशी भांडून आपली विहीर उपटली आणि खांद्यावर टाकून दुसऱ्या गावी निघाले. वाटेत पाऊस लागला म्हणून विहीर पालथी धरून तिच्याखाली उभे राहिले. नियम एकच. गोष्टीत एक थाप लपवलेली असेल. ज्याला सापडेल त्याने हात वर करायचा आणि ती ज्या शब्दात बसली असेल त्यावर बोट ठेवायचं.

पहिले दोन दिवस कोणालाच थाप सापडली नाही. विहीर उपटल्याबद्दल वर्गाची काही तक्रार नव्हती. तिसऱ्या दिवशी सगळी मुलं पाटीवर चित्रं काढत असताना बारकीचा हात वर गेला.

"बाई, मामांना हात किती?"

"दोन. का गं?"

"मग इथं दोन्ही हातांनी विहीर धरलीय," बारकी फळ्यापाशी येऊन म्हणाली, "आणि इथं मिशीला पीळ दिलाय. कशानं?"

बाईंनी लपवलेली थाप चौथ्या ओळीत होती. ही सातव्या ओळीतली त्यांची त्यांनाच ठाऊक नव्हती. त्यांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून म्हणाल्या, "बस खाली. मामांना विचारून सांगते."

त्या दिवसापासून वर्ग बिघडला. मुलं फळ्याला नाक लावून वाचू लागली. ओळीओळीवर भांडणं होऊ लागली. मामांना पोहता येतं की नाही यावर दोन बाकं आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हती. मोठ्या गुरुजींच्या कानावर हे गेलंच.

"अहो बाई, फळ्यावर खोटं लिहिता म्हणे?"

"हो गुरुजी. पण हजेरीपटाइतकं नाही."

गुरुजींनी विषय बदलला आणि वर कळवलं.

साहेब तपासणीला आले. त्यांच्या तक्त्यात 'सहभाग' नावाचा रकाना होता आणि तो वर झालेल्या हातांवरून भरायचा असे. इतर शाळांत तो 'निरंक' लिहून भरत. इथे त्यांनी चाळीस मिनिटांत एकशे बारा हात मोजले. साहेबांचे डोळे भरून आले. महिन्याभरात बाईंची पद्धत सर्व शाळांना लागू झाली आणि तिला शिस्त लावणारं परिपत्रक निघालं. त्याचा सारांश असा.

थाप दर दहाव्या ओळीत असावी, अलीकडे-पलीकडे नसावी. शिक्षकांची गैरसोय होऊ नये म्हणून तिच्याखाली लाल रेघ मारावी. 'मामा' या शब्दाने एका विशिष्ट नातेवाईकाची बदनामी होत असल्याने 'एक नातेवाईक' असे म्हणावे. विहीर हा विषय पाणीपुरवठा खात्याच्या अखत्यारीत येत असल्याने तिच्याऐवजी योग्य मापाची बादली वापरावी. प्रत्येक थाप खरी नसल्याची खातरजमा मुख्याध्यापकांनी करून सही करावी.

छापील गोष्टी आल्या. मुलं हुशार होती. चार दिवसांत त्यांनी दहापर्यंत मोजून हात वर करायला सुरुवात केली. काही जण पाठमोरे बसूनही करत. सहभाग जवळजवळ शंभर टक्क्यांवर गेला आणि भांडणं थांबली. बाईंना अभिनंदनाचं पत्र आलं. (ते दोन प्रतींत होतं. एकीवर सही करून ती परत पाठवायची होती.)

फक्त बारकीचा हात खाली राहिला.

"अगं, दहावी ओळ झाली," गुरुजी तिच्या कानाशी येऊन पुटपुटले. "कर की वर."

"इथं थाप नाही, गुरुजी. नातेवाईकानं बादली उचललीय. बादली उचलता येते."

"लाल रेघ दिसत नाही का?"

"रेघ दिसते. थाप नाही."

तपासणीत तिचा सहभाग शून्य भरला. म्हणजे वाचनात नापास, तिसऱ्यांदा. बाई तीनदा साहेबांच्या कार्यालयात जाऊन बाकड्यावर बसून आल्या. तिन्ही वेळा त्यांचं म्हणणं नीट ऐकून घेऊन लिहून ठेवण्यात आलं.

शाळेच्या दारावर गौरवाचा फलक लावायचा ठरला. साहेबांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. फलकावर सोनेरी अक्षरांत होतं, 'या शाळेतील सर्व मुले वाचतात.'

टाळ्या थांबल्यावर एक बारीक हात वर झाला.

"बोल बाळ," साहेब प्रसन्नपणे म्हणाले. वर झालेल्या हाताला ते नाही म्हणू शकत नसत.

बारकी पुढे आली, चवड्यांवर उभी राहिली आणि 'सर्व' या शब्दावर तिने बोट ठेवलं. "साहेब, थाप."

"कशी काय?"

"मला वाचता येत नाही म्हणून माझं नाव काढणार आहेत. मग सर्व कशी?"

बाईंनी हसू दाबलं नाही. पोरीचं नाव आता कोणी काढत नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. इतकी वर्षं नोकरी करून असं वाटणं हा त्यांचा दोष म्हणावा लागेल.

समिती बसली. तिचा निर्णय आजही वाचण्यासारखा आहे. विद्यार्थिनीने फलक वाचला, त्याअर्थी तिला वाचता येते. तिला वाचता येते, त्याअर्थी फलक खरा आहे. फलक खरा आहे, त्याअर्थी त्यात थाप आढळल्याचे तिचे वाचन चुकीचे आहे. ज्याचे वाचन चुकीचे, त्याला वाचता येत नाही. सबब नाव कमी करावे. नाव कमी होताच उरलेली सर्व मुले वाचत असल्याने फलकात दुरुस्तीची आवश्यकता नाही.

बारकी आता कोपऱ्यावर बापाच्या टेबलापाशी उभी असते. इस्त्री केलेले कपडे गुंडाळायला रद्दी येते, ती आधी वाचते आणि मग गुंडाळते. मधूनच एखाद्या गिऱ्हाइकाला थांबवते. "काका, या बातमीत थाप आहे, बघा." काका म्हणतात, कॉलरला नीट इस्त्री कर. बाई दर शनिवारी कपडे टाकायला जातात आणि वरच्या कपड्याच्या घडीत एक कागद असतो. मामा आता समुद्रापर्यंत आलेत. विहिरीत तो कसा भरायचा याचा विचार चालू आहे.

बारकीला हीच गोष्ट वाचायला दिली असती, तर ती दुसऱ्याच परिच्छेदात बोट ठेवून थांबली असती. चार खोल्यांच्या शाळेत गुरुजींची सायकल पाचव्या खोलीत कशी, हे कळल्याशिवाय ती पुढे सरकली नसती. तुम्ही मात्र कुठेही न अडखळता मिनिटाला ऐंशी शब्दांनी थेट इथवर आलात. काळजी नसावी. तुमचं नाव पटावर कायम आहे.