कोरडं वजन

सोनाजी मापारी माणसाला रामराम करायच्या आधी त्याचा दंड चिमटीत धरून दाबायचा. मी अमरावतीत नवा पंतोजी म्हणून आलो आणि त्याच्या शेजारी बिऱ्हाड केलं. पहिल्याच सकाळी त्यानं माझा दंड दाबला, मग न विचारता पोटही दाबलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "पंतोजी, हे वजन तुमचं नोहे. पानी मारेल हाये."

यात त्याचा तरी काय दोष? तो कापसाच्या बाजारात काट्यापाशी उभा राहणारा माणूस. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली होती. तिकडचा कापूस अडला, तसा आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि भल्याभल्यांची नियत फिरली. ओला कापूस जड भरतो, म्हणून लोक गाडी भरताना वरून पाणी शिंपडत. सोनाजी गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा आणि "वाळवून आना" म्हणून गाडी परत पाठवायचा. दिवसभर हेच केल्यावर संध्याकाळी त्याला जग कोरडं कसं दिसणार?

गावही फुगलं होतं, खोटं कशाला बोलू. भाकरीवर वाढलेली माणसं रोज पुऱ्या तळू लागली आणि देवळाच्या चार पायऱ्या चढताना धापा टाकू लागली. सोनाजी स्वतः ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, मुळा आणि ताक यापलीकडे जात नसे. दिवस मावळायच्या आत जेवण आणि मग गावाबाहेरच्या नाल्यापर्यंत पायी फेरी. प्रत्येक घास तो बोटांवर मोजून बत्तीस वेळा चावायचा. मापाऱ्यांच्या रीतीप्रमाणे 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणून सुरुवात. मध्ये कुणी बोललं की मोजणी पुन्हा लाभापासून.

एका बारशाच्या पंगतीत त्यानं पानातली जिलबी उचलून दाबली आणि यजमानाला हाक मारली. "इच्यात पाक मुरवला तुमी."

"अहो, जिलबीत पाकच असतो," मी म्हणालो.

"म्हंजे कबूल करून राहिले ना?" असं म्हणून त्यानं जिलबी माझ्या पानात टाकली.

एवढा कडक माणूस घरी दाराआड बासुंदी चापत असणार, असा माझा पक्का संशय होता. आमच्या मधल्या भिंतीला एक भोक होतं. सांगायला लाज वाटते, पण मी दोनदा तिथं डोळा लावला. दोन्ही वेळा सोनाजी भाकरच चावत बसला होता. बायको जाऊन त्याला बारा वर्षं झाली होती. त्याला एकच लेक, यमुना, आणि ती अकोटला दिलेली.

या लेकीच्या पाठवणीत त्यानं जे केलं ते अजून गावात सांगतात. वऱ्हाडी मंडळी बैलांची दमणी जोडून खोळंबली असताना त्यानं नवरीला कापसाच्या काट्यावर बसवलं. एक मण सात शेर. मग व्याह्याला सांगितलं, "देतो तशी आना. कमी भरली तं भरून निघेपर्यंत माझ्याकडे राहीन." व्याही हसून हो म्हणाला आणि चार पंचांसमक्ष अडकला.

तेव्हापासून दर संक्रांतीला यमुना माहेरी आली की आधी काटा, मग घर. तिसऱ्या दिवशी पुन्हा काटा, कारण सोनाजीचा व्याह्यावर विश्वास नव्हता. "निघायच्या आदल्या दिवशी गूळतूप चारून धाडतेत. ते पानीच. तीन दिवसांत उतरते." पहिली दोन वर्षं ती खरोखरच कमी भरली. जाऊबाईंच्या हाताखालचा संसार, दुसरं काय! दोन्ही वेळा महिना महिना राहिली, भाकर-ताकावर भरली, मग गेली.

तिसऱ्या वर्षी यमुना आली ती गालावर तकाकी घेऊन. जावई सोबतच आला होता आणि तिला घेऊनच परत जाणार होता. सोनाजीनं तिचा दंड दाबला. काट्यावर ती एक मण आठ शेर भरली. "तीन दिवस थांबा," एवढंच तो म्हणाला. ते तीन दिवस मी त्याला बारकाईनं न्याहाळत होतो. लेक सुखात आहे हे कळूनही या माणसाचं तोंड का उतरलं, ते मला कळेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी, बाजार सुना झाल्यावर, काट्यापाशी आम्ही चौघंच होतो. "पंतोजी, तुमी पाहून सांगा. लिवनारा मानूस खोटं नाही बोलनार," सोनाजी म्हणाला. यमुना पारड्यात बसली, दुसऱ्या पारड्यात वजनं चढली. डोलणारा काटा स्थिर करावा तसा सोनाजीनं वजनांच्या बाजूच्या साखळीला हात लावला. तो हात मग निघालाच नाही. त्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. साखळीला नुसतं बोट लावलं म्हणून ज्यानं मोठमोठ्या व्यापाऱ्यांना काट्यावरून हाकललं होतं, तो माणूस साखळी खाली ओढत होता. यमुनेचं पारडं हळूहळू वर आलं.

जावई बैलांकडे बघत होता. मी सोनाजीकडे पाहिलं. भिंतीच्या भोकातून दिसलेला, एकटा भाकर चावणारा माणूस मला पुन्हा दिसला.

"किती?" जावयानं विचारलं.

"दोन शेर कमी," मी म्हणालो.

बापाचा हात यमुनेला पारड्यातून माझ्याइतकाच स्पष्ट दिसत होता. ती खाली उतरली, पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाली, "पंधरा दिस तं लागतीनच. तुमी व्हा पुढं."

दमणी अकोटच्या वाटेला लागली. आम्ही घराकडे निघालो. सोनाजी पुढे, मान खाली घालून. त्यानं मागे न बघता विचारलं, "यमे, सांजेले काय खाशीन?"

"मले भूक नाही, बा," ती म्हणाली. "तुमी जेवा. मी जवळ बसते."