भाकरी थापणारं भूत

भूत नसतंच, पण असलंच तर ते मराठी माणसाचंच आहे, असं रावसाहेबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठणकावून सांगितलं आणि सगळी गाझियाबादी मंडळी त्यांच्याकडे बघतच राहिली.

प्रकरण होतं नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटचं. पुष्कर हा मराठी मुलगा आणि त्याची बायको मे महिन्यात तो सोडून गेल्यापासून दाराला बाहेरून कुलूप होतं. आणि थंडीचं धुकं पडायला लागलं तसा रोज संध्याकाळी आतून आवाज यायला लागला. थप, थप, थप. मग सगळं शांत. मग पुन्हा थप, थप. दिवा नाही, माणूस नाही, कुलूप जसंच्या तसं! सेक्रेटरी त्यागीजी चांगले आडदांड गृहस्थ, पण तेही त्या मजल्यावर लिफ्ट थांबली की डोळे मिटून घ्यायचे. आत कुणी बाई छाती बडवते, असं सगळ्यांचं मत पडलं. रविवारी मांत्रिक आणून तिला हाकलायचं ठरत होतं.

रावसाहेब मूळचे नांदेडचे, दिल्लीत सरकारी नोकरी करून निवृत्त झालेले. पंचशील म्हणणाऱ्या त्यांच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. पण कान तर त्यांनाही होते. मीटिंगच्या आदल्या दिवशी ते बायकोला, कमलाबाईंना, घेऊन त्या दारापाशी गेले. बाईंनी कान लावला आणि त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अहो, ही भाकरी थापतेय," त्या कुजबुजल्या. "ज्वारीची. जरा जाडच."

झालं! परातीत हाताने भाकरी थापणं महाराष्ट्राबाहेर कुणाच्या बापाला जमत नाही, हे रावसाहेबांनी मीटिंगमध्ये जाहीर करून टाकलं. उभं आयुष्य परमुलखात काढल्यावर, पुष्कर गेल्यानंतर शेजारी म्हणून पुन्हा एक मराठी जीव मिळाला, मेलेला का होईना, आणि त्याला झाडू मारून हाकलायचं? रविवारच्या आत मी स्वतः त्याच्याशी बोलतो, आपलं माणूस आहे, ऐकेल, असा शब्द त्यांनी दिला.

खरं सांगायचं तर त्यांनाच बोलायला कुणीतरी हवं होतं. मुलं दूर गेली होती आणि फोनवरही हिंदीतच बोलत. पुष्कर होता तोवर बरं होतं. रोज सकाळी त्याच्याकडे जाऊन बसायचं, त्याच्या बोलण्यातले हिंदी शब्द निवडून काढायचे. महाराष्ट्र दिनाला तर गुडघा सुजलेला असताना त्याला लेझीम खेळायला लावलं होतं. इतका जिव्हाळा असूनही तो आठवड्याभरात गुडगावला का निघून गेला, हे कोडं त्यांना सुटलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी त्यागीजी खालीच थांबले आणि रावसाहेब एकटे वर गेले. जाळीतून आत शिरलेल्या धुक्यात कॉरिडॉरचं दुसरं टोक दिसत नव्हतं. कुलूप बर्फासारखं गार लागलं. आत थप, थप चालूच होतं. त्यांचा जन्मभराचा बुद्धिवाद थेट नांदेडला पळाला. तरी त्यांनी दारावर टकटक केली.

"घाबरू नका," ते म्हणाले. "मीही मराठीच आहे."

थापणं थांबलं. अनवाणी पावलं अंधारातून दारापर्यंत आली. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. मग अगदी लाकडाला लागून बाईचा थकलेला आवाज आला.

"माहीत आहे, काका. म्हणूनच तर दिवा लावत नाही."

ती लातूरची द्वारका होती, बँकेत कामाला. हा फ्लॅट तिला पुष्करनेच सुचवला होता. जागा झकास आहे, फक्त वरच्या मजल्यावरच्या काकांना तू मराठी आहेस हे कळू देऊ नकोस, एवढंच त्याने बजावलं होतं. म्हणून ती पुढचं कुलूप तसंच ठेवून स्वयंपाकघरातून मागच्या जिन्यावर उघडणाऱ्या दाराने ये-जा करायची. आता कळलंच आहे तर गरम भाकरी घेऊन जा, असंही ती म्हणाली. रावसाहेब तसेच लिफ्टकडे वळले. फार लागलं त्यांना.

खाली त्यागीजी वाट बघत होते.

"क्या निकला, रावसाहेब? मराठी भूत?"

"भूत-वूत कुछ नहीं. किराएदार है. तांत्रिक को मना कर दीजिए."

"मराठी?"

रावसाहेबांनी मफलर कानांवरून ओढून घेतला. "नहीं जी. कन्नड़."

घरी आल्यावर तेच ऐकून कमलाबाईंनी विचारलं, मग ती भाकरी कशी थापत होती?

"कानडी लोकही थापतात," रावसाहेब हळूच म्हणाले. "आपल्यापेक्षा चांगली."