मांडणी वाजली पाहिजे

पुनमचंदने तिसरा सबवूफर विश्वंभररावांच्या बैठकीत आणून ठेवला, तेव्हा त्याची कंबर धरली होती. घरी आणून वाजवून दाखव, असा हट्ट हिंगोलीत आजवर कुठल्या गिऱ्हाइकाने केला नव्हता. पहिले दोन काही वाईट नव्हते. पण भजन लावलं की विश्वंभरराव समोर बसायचं सोडून स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन कान देत आणि नकारार्थी मान हलवत परत येत.

तिसऱ्याने पहिल्याच ठेक्याला घर हादरवलं. आत मांडणीतल्या वाट्या किणकिणल्या, ताटं खणखणली, झारा डावावर आपटला.

"माफ करा काका," पुनमचंद ओशाळला. "ह्याच्यानं भांडे वाजून राहिले. दुसरा आनतो."

"काहून? हाच पायजे!"

त्याचं असं होतं, की विश्वंभररावांची बायको सुधाबाई लेक अनुश्रीच्या बाळंतपणासाठी सव्वा महिना म्हणून पुण्याला गेल्या होत्या आणि ते बाळ आता रांगायला लागलं होतं. खिचडी ज्या पातेल्यात शिजते त्यातूनच खाताही येते, हा शोध लागल्यापासून विश्वंभररावांच्या घरात दुसरं भांडं हललं नव्हतं. घर खायला उठलं होतं. आता मात्र भजन लावून, स्वयंपाकघराकडे पाठ करून पेपर उघडला, की आत कुणीतरी वावरतंय असं वाटे. एकदा तर ते "चहा टाकतीस का?" म्हणून बसले. मग स्वतःच उठले.

रविवारी भजन रंगात आलं असताना सुधाबाईंचा फोन आला.

"अहो, स्वयंपाकघरात कोन हाय?"

"कोनी न्हाई."

"मंग भांडे कोन घासून राहिलं?"

तुझी आठवण येते, असं उभ्या संसारात ते कधी बोलले नव्हते. आता फोनवर कसं बोलणार? "मांजर असंल," ते म्हणाले.

"मांजर ताटं घासून राहिली?"

सुधाबाईंनी लगेच शेजारच्या रागिणीला फोन लावला. ती बिचारी खरं तेच बोलली. "रोजच आवाज येऊन राहिला काकू. मला वाटलं, तुमीच आल्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाबाई पुण्याच्या ट्रॅव्हल्समधून उतरल्या, त्या थेट स्वयंपाकघरात. दाराआड पाहिलं, न्हाणीत पाहिलं. मग ताटावरून बोट फिरवलं.

"ह्याच्यावर तर धूळ हाय!"

विश्वंभररावांनी भजन लावलं. मांडणी वाजू लागली. सुधाबाईंनी मांडणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा पेपरामागे दडला होता.

"ह्याच्यासाठी आनलं तुमी हे?"

"गाने बी चांगले वाजतेत," पेपरामागून आवाज आला.

त्यानंतर सबवूफरवर टेबलक्लॉथ पडला. भांडी दिवसभर वाजत होती आणि वर बोलणीही बसत होती. विश्वंभरराव खुशीत होते. पण अनुश्रीची रजा संपत आली, बाळाला सांभाळायला कुणी नव्हतं, आणि सुधाबाईंना पुन्हा निघावं लागलं. विश्वंभररावांचं तोंड एवढंसं झालं.

निघायच्या दिवशी सुधाबाई बराच वेळ मांडणीपुढे उभ्या होत्या. त्यांनी घट्ट बसलेली ताटं सैल केली, वाट्या एकमेकींना भिडवल्या, मोठी परात कडेला टेकवली.

"वाजवा बरं."

विश्वंभररावांनी भजन लावलं.

"माझ्याच्यानं एवढी आदळआपट व्हती व्हय?"

"ह्याच्याहून जास्ती," विश्वंभरराव म्हणाले.

सुधाबाईंनी परात अजून थोडी कडेला सरकवली.