हातातले बूट

गजभिये कुणाच्याही घरी गेले की दारात बूट काढायचे आणि ते हातात घेऊनच आत यायचे. "ठेवा की तिकडे," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "राहू द्या जी, निघायचंच आहे." मग तीन तास बसायचे. मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर बूट, हातात चहा.

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही वीसेक मराठी माणसं. नागपूरचे गजभिये युनिव्हर्सिटीच्या फिल्म लायब्ररीत रिळं सांभाळायचे. पीएच.डी. अर्धवट राहिली होती. का, ते कुणी विचारलं नाही. चौऱ्याऐंशीच्या संक्रांतीला पॉटलकनंतर, म्हणजे घरोघरून आणलेल्या पदार्थांच्या जेवणानंतर, सिनेमा दाखवायचं काम त्यांच्याकडे आलं. लोकांना वाटलं, तमाशापट आणतील. त्यांनी रशियन सिनेमा आणला.

त्यात एक बेघर माणूस पाठीवर दार घेऊन बर्फातून हिंडतो. दार बसवायला भिंत मागतो. लोक त्याला सूप देतात, अर्जाचे कागद देतात, एक बाई तर त्याच दारावर कपडे वाळत घालते. भिंत कोणी देत नाही. अर्ध्या तासात काकू मंडळी उठली. "यार, बाहेर बर्फ काय कमी आहे?" म्हणत आमच्यातला जोशीही सटकला. दिवस तिळगुळाचा, पण गजभियांशी कोणी गोड बोललं नाही.

शेवटी हॉलमध्ये आम्ही दोघंच. पडद्यावरचा माणूस उघड्या माळावर दार उभं करतो, टकटक करतो आणि थांबतो. थांबूनच राहतो.

"कितव्यांदा बघताय?" मी विचारलं.

"अकराव्यांदा."

"उघडतं का कोणी?"

"अजून तरी नाही."

मला हसू आलं.

गाडीत विचारलं, "भाऊ, कुठे सोडू?"

"लायब्ररीतच."

"आज रविवार आहे!"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रूम सोडावी लागली ना जी. ऑगस्टपासून रिळांच्या खोलीतच झोपतो. टेम्पररी आहे."

ऑगस्टपासून! दर आठवड्याला हा माणूस आमच्याकडे जेवून 'निघायचंच आहे' म्हणत होता, आणि आम्ही त्याच्या बुटांवर विनोद करत होतो. मला माझीच लाज वाटली. मी गाडी घराकडे वळवली.

मी किल्ली शोधेपर्यंत त्यांनी दारावर टकटक केली. सिनेमा अर्धवट टाकून आधीच घरी आलेल्या माझ्या बायकोनं, सुलभानं, आतून दार उघडलं.

"भाऊ राहायला आलेत," मी म्हणालो.

त्यांनी सवयीनं काढून हातात धरलेले बूट तिनं घेतले आणि रॅकवर माझ्या बुटांशेजारी ठेवले.

गजभिये कोचावर बसले. हात कुठे ठेवावेत, ते त्यांना बराच वेळ कळेना.