चार बोटांची अडचण

व्हेनिसच्या स्टेशनबाहेर बोर्तोलो हातात बादली घेऊन उभा राहिला तेव्हा सकाळचे आठ वाजून गेले होते, आणि त्याच्या धाकट्या भावाला शेवटचं घेऊन जाणारी होडी दहाला निघणार होती.

बादलीत माती होती. डोंगरावरच्या शेतातली, काळी, ओलसर, वर फडकं बांधलेली. एकतीस वर्षांपूर्वी या धाकट्या भावाने, तिताने, ऐन गवतकापणीत विळा बांधावर टाकला आणि तो डोंगर उतरला. खाली येऊन होड्या बांधायच्या कारखान्यात सुतार झाला. बोर्तोलोने वर्षभर त्याचं नाव घेतलं नाही. पुढे दरवर्षी तिताचं पत्र येऊ लागलं, "दादा, एकदा येऊन जा." बोर्तोलोचं उत्तरही दरवर्षी तेच असे, "गवत कापून झालं की येतो." डोंगरावर गवत कापून कधीच होत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

एका पत्रात तिताने लिहिलं होतं, "इथे चिखल आहे, माती नाही. मी गेलो की आपल्या वरच्या शेतातली मूठभर घेऊन ये." त्याला बोर्तोलोने उत्तरच दिलं नव्हतं. आता मुठीच्या जागी त्याने बादली भरून आणली होती.

त्याच पत्राच्या कोपऱ्यात पत्ता होता: "घर नंबर २२१७. स्टेशनवरून सरळ ये."

त्याने हमालाला पत्र दाखवलं. "सरळ," हमाल म्हणाला.

"सरळ तर पाणी आहे."

"मग पूल ओलांडा, आणि सरळ."

पुढे पेपरवाल्याने सरळ सांगितलं, मासेवालीने सरळ सांगितलं. एका पाद्र्याने तर डावीकडे बोट करून सरळ सांगितलं. पाऊण तास असं सरळ चालून बोर्तोलो चार वेळा एकाच विहिरीपाशी आला. पाचव्या खेपेला मात्र एका दारावर लाल अक्षरांत २२१७ दिसलं. त्याने टोपी काढून दार वाजवलं.

दार उघडणारी म्हातारी झानेत्ता त्याच्याकडे न बघता बादलीकडे बघत म्हणाली, "आलात एकदाचे! तीन आठवडे झाले निरोप देऊन. झाडं मेली माझी."

"बाई, मी..."

"पाय पुसा आधी."

बोर्तोलोने पाय पुसले. मेलेल्याच्या घरी माणसं अशीच काहीबाही बोलतात, असं त्याला वाटलं. झानेत्ताने त्याला पाण्याचा पेला दिला. तो पाणी पिऊन तिताला कुठल्या खोलीत ठेवलं असेल याचा अंदाज घेत होता, तोवर तिने खिडकीतल्या चार कुंड्यांत अर्धी बादली रिकामी केली.

"त्याला दहाला न्यायचं ना?" बोर्तोलोने हळूच विचारलं.

"कुणाला?"

"तिताला. पुरायला."

झानेत्ताच्या हातातली खुरपी थांबली. "आणि ही माती?"

"त्याच्याचसाठी आणली होती."

झानेत्ताने छातीवर क्रूस काढला आणि दोन्ही हात कोपरापर्यंत कुंडीत घातले. "देवा, मेलेल्या माणसाची माती मी फुलझाडांना घातली! धरा बादली. अहो, नीट धरा!" घाईघाईत तिने माती उपसून परत भरली. तिच्याबरोबर एक लाल फुलाचं रोपही बादलीत गेलं. मुळं सोडवत बसायला वेळ नव्हता.

"पण ते घर हे नव्हे," ती हात झटकत म्हणाली. "भाग कुठला?"

"भाग म्हणजे?"

"शहराचे भाग सहा. प्रत्येकात आकडे एकपासून. २२१७ नंबरची घरं सहा आहेत."

"त्याने भाग लिहिला नाही. पोस्टमनला नावावरून कळायचं."

"कसा लिहील? इथल्या माणसाला आपला भाग सोडून दुसरा आहे हे आठवतच नाही. थांबा. मोमोलो! ए मोमोलो!"

मोमोलो तिचा शेजारी. जन्मभर होडीतून भाजी विकली, आता नुसता होडीत बसून राहायचा. सगळं ऐकून तो म्हणाला, "बसा पाहुणे. सहाच घरं आहेत, काही साठ नाहीत." झानेत्ताही काळी शाल घेऊन होडीत बसली. केलेल्या पापानंतर तिला घरात बसवेना.

दुसरं २२१७ निघालं दारूचं दुकान. मोमोलो आत शिरला तो पेला हातात घेऊनच वळला. "दारूच्या दुकानात कोरड्या तोंडाने पत्ता विचारत नाहीत, पाहुणे. वाईट दिसतं." तेवढ्यात कुठेतरी साडेनऊचा टोल पडला.

दुकानदार पेला पुसत म्हणाला, "नंबर राहू द्या. तुमचा भाऊ करायचा काय?"

"होड्यांचा सुतार होता. डोंगरातला."

"डोंगऱ्या तिता? निवेसबाईचा नवरा? तो गेला?"

मोमोलोने पेला खाली ठेवला. "अहो पाहुणे, माझ्या या होडीचा तळ त्यानेच बसवलाय! त्याचं घर मला झोपेतसुद्धा सापडेल. आधी माणूस सांगायचा, मग नंबर."

"तुम्ही मला नंबरच विचारलात," बोर्तोलो म्हणाला.

दुकानदाराने एप्रन काढला, दुकान बंद केलं, आणि आतली दोन गिऱ्हाइकं बाहेर काढली ती थेट होडीत घातली. तिताने त्याचं दार बसवून दिलं होतं आणि पैशाऐवजी दुकानात गप्प बसायची सवलत मागितली होती, असं तो वाटेत सांगत होता. मोमोलो जोर लावून वल्हवत होता. पण भरतीचं पाणी चढत होतं, आणि प्रत्येक पुलाखाली सगळ्यांना आधीच्या पुलापेक्षा जास्त वाकावं लागत होतं.

ते पोचले तेव्हा सव्वादहा झाले होते. तिताची काळी होडी घरासमोरच्या बुटक्या पुलाला अडून उभी होती. वरची फुलं उतरवूनही शवपेटीचं झाकण पुलाच्या दगडाला अडत होतं.

"पंधरा मिनिटं आधी निघालो असतो तर आरामात गेलो असतो," होडीवाला कुरकुरत होता. "आता ओहोटी लागेपर्यंत बसा. पाद्री अकरापर्यंतच थांबतो दफनभूमीच्या बेटावर. मग उद्या रविवार. म्हणजे सोमवार."

"मीच थांबवलं होतं," काठावर उभी असलेली निवेस म्हणाली. "यांचे भाऊ यायचे होते." तिने बोर्तोलोकडे पाहिलं. दोघा भावांचं नाक एकच होतं, त्यामुळे ओळख करून द्यायची गरज पडली नाही.

बोर्तोलोला तोंड वर करवेना. जिवंतपणी एकतीस वर्षं वाट बघायला लावलं, ते पुरलं नाही म्हणून मेल्यावरही तेच. तो बादली धरून भिंतीशी उभा राहिला.

मोमोलोने पुलाखाली हात घालून माप घेतलं. "चार बोटं," तो म्हणाला. "पुढच्या दोन पुलांनाही तेवढंच. पूल वर जात नाही. मग होडी खाली गेली पाहिजे. वजन घाला!"

"कुणाचं? तीनच माणसं यायची होती," निवेस म्हणाली. "तिता कुणाशी बोलायचा का?"

मोमोलोने ते ऐकलंच नाही. त्याने तोंडाशी हात धरून खिडक्यांकडे हाक दिली, "डोंगऱ्या तिताला पुलाखालून काढायचाय! वजनदार माणसं खाली या!"

आधी कारखान्यातले चौघे आले. मग पावाच्या भट्टीवाला आला, पिठाच्या हातांनी. बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या दोघी जणी पिशव्यांसकट उतरल्या. कुणाच्या खिडकीची झडप तिताने दुरुस्त केली होती, कुणाचा पाळणा. दुकानदार, त्याची गिऱ्हाइकं, झानेत्ता, सगळे पेटीच्या दोन्ही बाजूंना दाटीवाटीने बसले. होडी बोटाबोटाने खाली जाऊ लागली.

"अजून एक भक्कम माणूस लागेल," मोमोलो काठाकडे बघत म्हणाला.

"माझ्याकडे काय बघतोस, मुडद्या?" भट्टीवाल्याची बायको कडाडली. मग आपण कुठे काय बोललो हे लक्षात येऊन तिने क्रूस काढला आणि मुकाट्याने होडीत बसली.

"अर्धं बोट राहिलं," मोमोलो म्हणाला.

निवेस भिंतीशी उभ्या बोर्तोलोकडे वळली.

"भाऊजी, आता कशाची वाट बघताय? गवत कापून झालं ना?"

बोर्तोलो आला. एका हाताने बादली छातीशी धरून, दुसऱ्याने कुणाचा तरी खांदा पकडून त्याने होडीत पाय ठेवला. होडी डुलली आणि राहिलेलं अर्धं बोट खाली गेली.

"माना खाली!" होडीवाला ओरडला.

तेवीस माणसांनी एकदम माना खाली घातल्या. बोर्तोलोचं कपाळ पेटीच्या बाजूच्या लाकडाला टेकलं. डोक्यावरून पुलाचा थंड दगड सरकत गेला, मग उजेड आला. बाकीच्यांनी माना वर केल्या. त्याने केली नाही. पुढे आणखी दोन पूल होते, म्हणून कुणी त्याला काही म्हटलं नाही.

बेटावर पाद्री हातातल्या घड्याळाकडे बघत उभा होता. तीन माणसांच्या बेताने त्याने प्रार्थना आखडती ठरवली होती, ती त्याला पूर्ण म्हणावी लागली. मग बोर्तोलोने बादली पुढे केली. प्रत्येकाने मूठ मूठ माती टाकली. झानेत्ताने दोनदा टाकली. बादलीत शेवटी ते लाल फुलाचं रोप राहिलं, ते तिनेच गुडघ्यावर बसून तिताच्या डोक्याशी लावलं.

परतताना बोर्तोलो निवेसजवळ बसला. "त्याने पत्त्यात भाग लिहिला नव्हता," तो म्हणाला. त्याला रागाने म्हणायचं होतं, पण तसं निघालं नाही.

"त्यालाही कुणी लिहून दिला नव्हता," निवेस म्हणाली. "काम मिळेल म्हणून गावातल्या कुणीतरी २२१७ असा नंबर दिलेला. ते घर दुसऱ्याच भागात होतं. हा माझ्या दारात आला. मी म्हटलं, चुकलात, जेवून जा. एकतीस वर्षं जेवला."

बोर्तोलोने खिशातून पत्र काढलं, मांडीवर सरळ केलं, आणि भट्टीवाल्याच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली.

"इथे भागाचं नाव लिही," तो निवेसला म्हणाला. "नीट मोठ्या अक्षरात. गवत कापायच्या आधी येतो."