कारणाचा रकाना

गेल्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, शहाद्यातल्या एका बँकेत एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक सुपडू आप्पा यांच्याकडे उशिराबद्दल लेखी कारण मागण्यात आले. त्यांच्यावर अशी वेळ पहिल्यांदाच आली. अकरा वीस ही नोंद त्यांचीच. बँकेच्या पायऱ्या उतरण्यापूर्वी त्यांनी ती वहीत केली होती.

आप्पा माझे शेजारी. बसस्थानकातल्या खिडकीमागे त्यांनी एकतीस वर्षे काढली. गाडी आली किती वाजता, सुटली किती वाजता, उशीर किती, कारण काय, असे चार रकाने. नोकरी संपली, रकाने राहिले. घरात दारामागच्या खिळ्याला एक वही टांगलेली असते. दूधवाला, गॅसची टाकी, भाचेमंडळी, सगळ्यांच्या येण्याची नोंद तीत होते. माझ्या नावापुढे एकदा ‘सात मिनिटे उशीर, कारण: चप्पल सापडेना’ असे लिहिले आहे. ते खरे आहे.

“भाकर पाच मिनिट लेट व्हयनी ते तीबी लिखतस,” काकूंनी एकदा माझ्याकडे तक्रार केली. वही पाहिली. भाकरी होती. कारण: ‘माहेरचा फोन’.

आप्पांचे एक वाक्य कॉलनीत सगळ्यांना पाठ आहे: “उशीर व्हयना ते व्हयना. कारण काय शे?” पुतण्याच्या लग्नात वरात पन्नास मिनिटे उशिरा मांडवात आली, तेव्हा त्यांनी घोड्यावरच्या नवरदेवालाच हे विचारले. नोंद: ‘कारण: डीजे’. एका अंत्ययात्रेची नोंदही मी पाहिली आहे. नियोजित वेळ दहा, प्रत्यक्ष सव्वाअकरा, कारण: ‘सुरतचे जावई’.

खोट्या कारणाचा मात्र त्यांना मनापासून तिटकारा. चालकांचे आवडते कारण टायर. आप्पा खिडकीतून उठून टायर हाताने दाबून पाहायचे.

तर डिसेंबरातली हकीकत अशी. आप्पांची मुलगी सारिका रक्त-लघवी तपासणीचा कोर्स करून आली आहे. खांडबाऱ्याला स्टेशनजवळ तिने लॅबसाठी एक गाळा पाहून ठेवला होता. गाळामालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. कर्जाच्या अर्जात आप्पा सहकर्जदार. बँकेने त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. घराच्या कर्जाचे छत्तीस महिने, छत्तीस चौकटी. तेहेतीस स्वच्छ. तीन ओळीने उशिराच्या.

“तेहेतीस फेऱ्या टाइमवर, तीन लेट,” आप्पांनी मला कागद दाखवला. त्यांचा चेहरा पडला होता.

बँकेची चूक असेल तर तक्रार करून नोंद दुरुस्त होते, असे मी सांगितले. त्यांनी ट्रंकेतून पावत्या काढल्या आणि पट्टी लावून एकेक तारीख ताडून पाहिली. मग म्हणाले, “नोंद बरोबर शे.”

दुसऱ्या दिवशी बसस्थानकासमोरचा एक एजंट घरी आला. पाच हजारांत तिन्ही उशीर ‘उडवून’ देतो म्हणाला.

“जे व्हयनं ते खोडनारा तू कोन?” आप्पा म्हणाले. वहीत त्याची जाण्याची वेळ येण्याच्या वेळेनंतर दोन मिनिटांनी आहे.

बँकेच्या मॅनेजर मॅडमनी दोन मार्ग सांगितले होते. थकलेले हप्ते पुढे भरले गेले असले तरी नोंद राहणार. पण उशिराचे सबळ कारण पुराव्यासह लिहून द्या, वरती पाठवते. किंवा स्वच्छ रिपोर्ट असलेला जामीनदार आणा.

कारण लिहायला आप्पा तीन संध्याकाळी बसले. कागद कोराच.

“बाबा, आजारपण लिहा आणि मोकळे व्हा,” सारिका म्हणाली.

“कोन आजारी व्हतं?”

“मी.”

“तू नाशिकले परीक्षा दी ऱ्हायंती.”

“मग खरं काय ते लिहा. गाळा जाईल, बाबा!”

आप्पा उठून अंगणातल्या झाडांना पाणी घालू लागले. सकाळीच घातले होते.

इथे यूसुफभाई येतात. एसटीचे निवृत्त चालक. रोज संध्याकाळी पाचला आप्पांच्या ओट्यावर यायचे ठरलेले, आणि रोज पाच वीसला येतात. अडीच वर्षांपूर्वी त्यांची नंदुरबारची पहाटेची गाडी पंचवीस मिनिटे उशिरा सुटली आणि प्रवाशांची रेल्वे चुकली. “टायर लिखी टाका ना, आप्पा,” असे तेव्हा ते खिडकीशी म्हणाले होते. आप्पांनी लिहिले, ‘कारण: चालक उशिरा हजर’. त्या वर्षातला तो चौथा उशीर. यूसुफभाई तीन महिने निलंबित झाले. दोघांची बैठक चौथ्या महिन्यापासून पुन्हा सुरू झाली.

आप्पांची अडचण कळताच यूसुफभाईंनी स्वतःचा रिपोर्ट काढून आणला. त्यांच्याही घरावर कर्ज आहे. एकही उशीर नाही.

“या अल्ला! मन्ही गाडी कधी टाइमवर सुटनी नही, अन् मन्हा हप्ता एक बी लेट नही!” ते कागद नाचवत होते. “आप्पा, तुम्हना कारण काय शे?”

आप्पा चहा सांगायला आत गेले.

“सस्पेंड व्हतू तरी हप्ता भरा मी,” यूसुफभाई मला सांगू लागले. “कांतीसेठनी स्कीम व्हती ना! सस्पेंड माणूसले तीन महिना किराणा फुकट. असा दुकानदार दाखाडा मले.”

कांतीसेठचे किराणा दुकान आमच्याच रस्त्यावर आहे. अशी योजना कुठल्याही दुकानदाराने काढल्याचे मी ऐकले नव्हते. दुसऱ्या दिवशी चहा पावडर घ्यायला गेलो, तेव्हा विचारले.

“स्कीम कसली, भाई?” सेठ आवाज खाली आणत म्हणाले. “स्कीम तुमच्या बाजूला राहते. तीन महिने दर पाच तारखेला आप्पा आले. यूसुफभाईंच्या घरचा सगळा किराणा भरला. त्यांना कळलं तर कॉलनीतलं एक गिऱ्हाईक दुकानात येऊ देणार नाही, असा दम दिला मला.”

आप्पांच्या हप्त्याची तारीख पाच. महिने मी रिपोर्टशी ताडून पाहिले. तेच तीन.

सेठच्या विनंतीवरून या मजकुरातली सगळ्यांची नावे बदलली आहेत.

त्या संध्याकाळी यूसुफभाई नेहमीप्रमाणे उशिरा आले आणि बसण्याआधीच म्हणाले, “पोरीनी लॅब आडकी ऱ्हायनी. जामीन मी ऱ्हास. तुम्ही मले सस्पेंड करं, तरी बी मी सही करस. सोमवारे, साडेदहा!”

“साडेदहा म्हनजे साडेदहा,” आप्पा म्हणाले.

सोमवारी आप्पा, सारिका आणि मी सव्वादहाला बँकेत होतो. आप्पांनी मॅडमपुढे अर्जासोबतचा कागद ठेवला. त्यावर एकच ओळ होती: ‘उशिराच्या तिन्ही नोंदी बरोबर आहेत.’

“आप्पा, आणि कारण?” मॅडमनी विचारले.

“नोंद बरोबर शे, मॅडम.”

साडेदहा वाजले. दहा पस्तीस. सारिका दाराकडे पाहत होती. यूसुफभाई आले ते इस्त्रीच्या शर्टात, डोक्यावर नवी टोपी, कपाळावर घाम.

“आप्पा, व्हयनं असं का...”

“बस,” आप्पा म्हणाले. “कारण नको सांगू.”

यूसुफभाईंनी चार ठिकाणी सह्या केल्या. नऊ दिवसांनी कर्ज मंजूर झाले. गाळा सारिकाला मिळाला.

सोमवारचे वहीतले पान मी नंतर पाहिले. यूसुफभाई आत आले तेव्हा बँकेच्या भिंतीवरचे घड्याळ आणि माझे घड्याळ, दोन्ही दहा चाळीस दाखवत होती. वहीत आप्पांच्या अक्षरात लिहिले आहे: ‘यूसुफभाई. आगमन १०.३०. उशीर नाही.’