जावयासाठी केलेला फासा

अप्पांनी जन्मात कुणाला फसवलं नव्हतं. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, पण लाकडाची भेग मेण भरून कधी लपवली नाही. अशा माणसाने सत्तरी ओलांडल्यावर जावयाला फसवायचं ठरवलं, आणि तेही एका खेळापायी.

खेळ नातीचा. दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर तो चाले. नात एक गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी जादूगारीण. दार उघडायचंय, खंदक ओलांडायचाय, तर वीस तोंडांचा फासा टाकायचा. वीस पडले तर फत्ते, एक पडला तर फजिती. यात जिंकणं-हरणं नसतंच, सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायची, असं नात सांगे. जावयाला मात्र ते पटत नसे. (जावई विक्री विभागात होता. त्याच्या घरात फुलदाण्या कमी आणि पहिल्या नंबराच्या ढाली जास्त.) तो खेळायला बसला की शेजारी गुणांचा तक्ता मांडून बसे. दोन गुण वाढतात म्हणून त्याने गोष्टीतल्या पुलावरून स्वतःच्या बायकोला खाली ढकललं होतं. ती खऱ्या घरात तीन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

शेजारच्या नर्सबाईंची जादूगारीण तर त्याच्या घाईपायी तीनदा मेली. चौथ्या खेपेला बाई उठल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारपासून मला ड्यूटी आहे हं." ड्यूटी नव्हती, हे सगळ्यांना कळलं. खेळायला उरले नवरा-बायको, आणि दोघांत खेळ होत नाही. नातीने गोष्टीसाठी दोनशे पानी वही भरली होती. ती वही उशाशी घेऊन मुसमुसताना अप्पांनी तिला पाहिलं. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'त्रास देणारे खेळाडू : १. बाबा.'

अप्पांनी नर्सबाईंना गाठलं. "आणखी एकच रविवार या. माझ्यासाठी."

मग ते कामाला लागले. सगळ्यांना सागाचा एकेक फासा करून देतो म्हणाले. कपाट करणं सोपं असतं. त्याला सहा बाजू, आणि त्यातली एक भिंतीला लागून, त्यामुळे नीट नसली तरी खपते. फाशाला मात्र वीस बाजू आणि वीसच्या वीस लोकांसमोर! कानस घासून अप्पांची बोटं सोलली. तीन फासे सरळ झाले. चौथ्यात वीसच्या आकड्यामागे भोक पाडून त्यांनी मासे धरायच्या गळाची शिशाची गोळी बसवली आणि वर लाकडी खुंटी मारून ती रंधा फिरवल्यासारखी साफ केली. वीस खाली बसणार, एक वर येणार. जावई आपटणार, वरमणार, आणि घरात शांतता नांदणार.

रविवारी अप्पांनी तो फासा जावयासमोर ठेवला. "हा खास तुमचा, जावईबापू."

जावयाने फाशाकडे पाहिलं, मग सासऱ्याकडे पाहिलं. "बारा वर्षांत तुम्ही मला खास असं काही दिलं नाहीत, अप्पा. हा तुम्हीच ठेवा." आणि नातीला द्यायचा म्हणून अप्पांसमोर राहिलेला फासा त्याने उचलला.

"अहो, पण मी कुठे खेळतोय!"

"फासा आहे म्हणजे खेळायचं, आजोबा," नात म्हणाली. "तुम्ही कोण होणार?"

"सुतार," अप्पा पडेल आवाजात म्हणाले. दुसरं काही त्यांना येत नव्हतं.

पहिलंच काम किल्ल्याचं दार उघडायचं. अप्पांनी फासा टाकला. एक.

"चाळीस वर्षं दारं बसवणारा सुतार," नात गंभीरपणे म्हणाली, "चौकटीत अडकला."

नर्सबाई फिस्सकन हसल्या. पुढे खंदक. पुन्हा एक. सुतार उडी मारून थेट झोपलेल्या राक्षसाच्या पोटावर. माफी मागायला फासा टाकला, एक! माफीऐवजी त्याने राक्षसाच्या पलंगाला नावं ठेवली.

"काय वाईट आहे रे माझ्या पलंगात?" नातीने राक्षसाचा आवाज काढला.

"सांधे ढिले आहेत," अप्पा म्हणाले. हे मात्र ते मनापासून बोलले. "असं काम मी दारात उभं करणार नाही."

हसून हसून लेकीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नर्सबाईंनी टेबलावर डोकं टेकलं.

"एकोणीस!" जावई ओरडला. "पहारेकरी खलास! माझ्याकडे बघा की!"

"हो हो, छान," बायको म्हणाली. "अप्पा, पलंगाचं पुढे काय झालं?"

जावयाने आणखी दोनदा मोठे आकडे टाकले. कुणी मान वर केली नाही. शेवटी त्याने हात पुढे केला. "अप्पा, तो फासा द्या. मुळात तो माझाच."

आता खरं तर अप्पांनी तो देऊन टाकायचा. ठरलं होतंच तसं. पण सगळं टेबल त्यांच्या तोंडाकडे बघत होतं, आणि असं टेबल त्यांना जन्मात लाभलं नव्हतं. त्यांनी मूठ आवळली. "दिलेलं परत मागू नये, जावईबापू."

"तुम्ही दिला, मी घेतलाच कुठे?"

"मग मागता कशाला?"

जावयाने मनगट धरलं, अप्पांनी कोपर मारलं. फासा उडाला, फरशीवर आपटला, खुंटी निघाली आणि शिशाची गोळी घरंगळत नातीच्या पायाशी येऊन थांबली.

नातीने गोळी उचलली. "आजोबा?"

"तुझ्या बापासाठी केला होता गं," अप्पा पुटपुटले.

नर्सबाईच आधी हसल्या. "ड्यूटी बदलून घेते बाई मी. पुढच्या रविवारी काय होतंय ते बघायचंय मला."

नातीने हसू दाबत वही उघडली, शेवटच्या पानावर खाडाखोड केली आणि पान सगळ्यांसमोर धरलं. 'त्रास देणारे खेळाडू : १. आजोबा २. बाबा.'

"हे चालणार नाही!" जावई ताडकन उठला. "सहा महिने मी राबतोय, आणि एका दिवसात पहिला नंबर यांचा?"

अप्पांनी मान खाली घातली. शरम तर वाटायलाच हवी होती. पण चौथीत शाळा सुटेपर्यंत त्यांचा कशातच पहिला नंबर आला नव्हता, त्यामुळे त्यांनी हळूच एवढंच विचारलं, "याची ढाल मिळते का गं?"